बोर्ड मुलांच्या हातात, शिक्षकाचे हात पाठीमागे : वर्गात मायक्रोबिटने कोडिंग शिकवायला घेताना

मुलांनी लिहिलेला पहिला प्रोग्राम त्यांच्या तळहातावर चालला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. स्क्रीनवरचं चित्र हललं नाही की मूल शिक्षकाकडे बघतं. हातातला बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवणारं छोटं सर्किट, लुकलुकला नाही की मूल आधी तो उलटा करतं, केबल दाबून बघतं, वायर हलवतं, शेजारच्याचा चालतोय का ते पाहतं. म्हणजे सांगायच्या आधीच ते शोधाला लागलेलं असतं. कोडिंग शिकवायचं म्हणजे ही शोधायची सवय लावायची. तिला हातांची मदत मिळाली तर ती लवकर लागते.

हा लेख अशा शिक्षकांसाठी आहे ज्यांनी कधी सर्किट जोडलेलं नाही आणि प्रोग्रामिंगही फारसं केलेलं नाही. दोन्ही येत नसलं तरी सुरुवात करता येते. मात्र मुलांसमोर जाण्याआधी एक दुपार स्वतः बोर्ड घेऊन बसा. वर्गात मुलं जिथे अडतील, त्यातल्या बहुतेक जागी तुम्ही त्या दुपारीच अडून जाल.

कुठला बोर्ड, किती बोर्ड

नवख्या वर्गासाठी मी मायक्रोबिट सुचवते. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना सुमारे १० लाख बोर्ड मोफत वाटायला घेतले, तो हाच. त्यावर ५ बाय ५ अशा २५ एलईडी (छोटे दिवे), ए आणि बी ही दोन बटणं, हालचाल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर, होकायंत्र, तापमान आणि उजेड मोजायची सोय आणि रेडिओ एवढं सगळं जागच्या जागी असतं. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर, मायक्रोफोन आणि बोट लावल्यावर कळणारा सोनेरी लोगोही आला. एकही वायर न जोडता पहिले चार-पाच तास निघतात, आणि नवख्या शिक्षकाला याचाच मोठा आधार असतो.

आर्डुइनो हा दुसरा असाच बोर्ड उत्तम आहे, पण त्यावर काही दिसायचं तर बहुधा ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचायची भोकांची पाटी) आणि वायर लवकरच लागतात. वायरी आल्या की चूक प्रोग्राममध्ये आहे की जोडणीत, हे नव्या मुलाला कळत नाही. रास्पबेरी पाय हा तर पूर्ण संगणक आहे, त्याला कीबोर्ड, माऊस, पडदा सगळं लागतं. हे दोन्ही पुढच्या वर्षासाठी ठेवा.

दोन मुलांत एक बोर्ड पुरेसा. माझ्या मते एकेकाला स्वतंत्र बोर्ड मिळण्यापेक्षा हेच बरं, कारण दोघांना काय करायचं ते एकमेकांना बोलून सांगावं लागतं. फक्त एक काळजी घ्या. प्रत्येक जोडीत एक चपळ मूल असतं, माऊसही त्याच्याकडे आणि बोर्डही त्याच्याकडे जातो. म्हणून नियम करा : माऊस एकाकडे, बोर्ड दुसऱ्याकडे, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. वेळ झाली की टाळी वाजवा आणि अर्धवट ब्लॉक (पडद्यावर ओढून बसवायचा आज्ञेचा तुकडा) हातात असला तरी बदल करायला लावा.

वर्गाआधीची तयारी

यात कंटाळा केला तर पहिला तास हातून जातो.

केबल तपासा. हे सगळ्यात आधी. बऱ्याच यूएसबी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून वीज जाते पण माहिती जात नाही. बोर्ड उजळतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं, आणि संगणकावर मात्र काहीच दिसत नाही. प्रत्येक केबल एका चालू संगणकाला लावून बघा. बोर्ड जोडल्यावर पेन ड्राइव्हसारखी 'मायक्रोबिट' नावाची ड्राइव्ह दिसली तर केबल चांगली. चांगल्या केबलला हिरवी चिकटपट्टी लावा. बाकीच्या वर्गातूनच बाहेर काढा, 'असू देत कधीतरी लागेल' म्हणून त्याच डब्यात ठेवू नका.

बोर्डांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक जोडीला द्या. पुढे रेडिओच्या वेळी हा क्रमांक फार कामाला येतो.

प्रोग्राम लिहायला मेककोड वापरा. ते ब्राउझरमध्ये चालतं, ब्लॉक ओढून एकमेकांत बसवायचे असतात आणि बाजूला बोर्डाची चालती प्रतिकृती, म्हणजे सिम्युलेटर, दिसते. प्रत्येक संगणकावर मेककोड उघडतं का, फाइल उतरते का आणि ती बोर्डावर जाते का, हे तिन्ही स्वतः करून बघा. उतरलेली हेक्स फाइल, म्हणजे बोर्डाला वाचता येणारा प्रोग्राम, मायक्रोबिट ड्राइव्हवर ओढून टाकली की काम झालं. क्रोमसारख्या ब्राउझरमधून बोर्ड थेट जोडताही येतो, पण पहिल्या दिवशी मी मुद्दाम फाइल ओढायला लावते. आपण लिहिलेलं काहीतरी इथून तिथे गेलं, हे मुलांना दिसायला हवं.

सेल ठेवायचे डबे भरून ठेवा. दोन एएए सेल, एकूण ३ व्होल्ट. याहून जास्त व्होल्टेज बोर्डाला नको.

पहिला तास : आधी संगणक बंद

पहिली दहा मिनिटं एका मुलाला बोर्ड बनवा. त्याचा उजवा खांदा म्हणजे बटण ए, डावा खांदा म्हणजे बटण बी. फळ्यावर लिहा : 'ए दाबलं तर टाळी वाजव. बी दाबलं तर स्वतःभोवती फिर. दोन्ही दाबलं तर खाली बस.' बाकीची मुलं येऊन खांद्यावर टिचकी मारतात. मग कुणीतरी खांद्याऐवजी डोक्यावर टिचकी मारतं आणि बोर्ड झालेलं मूल गोंधळून सगळ्यांकडे बघतं. तिथेच थांबा आणि विचारा, "याने आता काय करायचं?" उत्तर मुलांकडूनच येतं : काहीच नाही, कारण सांगितलेलंच नाही. यंत्र सांगितलेलं तेवढंच करतं, हे वाक्य फळ्यावर लिहून जे होत नाही ते इथे दोन मिनिटांत होतं.

ही युक्ती जुनी आहे. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयर्झाइग या संशोधकांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. पुढे तिच्याबरोबर जमिनीवर चालणारा यांत्रिक कासव आला. कासवाला कसं वळवायचं ते अडलं की मुलाने स्वतः उठून कासवासारखं चालून बघायचं, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. शरीराला कळलेलं आज्ञेत उतरवणं सोपं जातं.

नंतर चौकटीच्या कागदावर ५ बाय ५ चौकोन आखून द्या. कुठले चौकोन भरले की चेहरा होतो, कुठले भरले की बाण होतो, ते मुलांनी पेन्सिलने ठरवायचं. मग संगणक उघडा, 'ऑन स्टार्ट' मध्ये 'शो एलईडीज' बसवा, कागदावरचं चित्र तसंच्या तसं भरा, फाइल उतरवा, ओढून टाका. बोर्डाच्या पाठीमागचा छोटा दिवा लुकलुकतो, थांबतो, आणि चित्र उजळतं.

आता त्यांना केबल काढायला सांगा. बोर्ड विझतो आणि चेहरे पडतात. सेलचा डबा जोडायला सांगा. चित्र परत येतं. प्रोग्राम संगणकात नाही, बोर्डात जाऊन बसलाय, हे कळल्यावर मुलं बोर्ड घेऊन वर्गभर फिरतात. त्यांना फिरू द्या, तासाची राहिलेली पाच मिनिटं त्यासाठीच ठेवा.

दुसरा तास : मोजणी, आणि एक फार चांगली चूक

व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवून ठेवणारी नावाची जागा, शिकवायला मोजणी यंत्रासारखं साधन नाही. बटण दाबलं की आकडा एकाने वाढायचा, एवढंच. बरोबर प्रोग्राम असा :

ऑन स्टार्ट : सेट काउंट टू ०
ऑन बटन ए प्रेस्ड : चेंज काउंट बाय १, शो नंबर काउंट

हा फळ्यावर लिहून देऊ नका. काय हवंय तेवढं सांगा आणि व्हेरिएबलचे ब्लॉक कुठे आहेत ते दाखवा. अर्ध्याहून अधिक जोड्या 'चेंज' ऐवजी 'सेट काउंट टू १' वापरतील. मग तुमच्याकडे हाक येईल. माझ्या वर्गात ती अशी आली :

"बाई, हा बिघडलाय."

"काय व्हायला हवं होतं?"

"दाबलं की आकडा वाढायला हवा."

"आणि होतंय काय?"

"एकच दिसतो. कितीही दाबलं तरी एकच."

"पहिल्यांदा दाबलं तेव्हा किती यायला हवा होता?"

"एक."

"मग पहिल्यांदा तर बरोबर आला की."

मुलगी गप्प झाली. तिने पुन्हा बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं आणि ब्लॉकवरचे शब्द बोट ठेवून वाचायला लागली. या वेळी माझे हात पाठीमागे होते आणि ते तिथेच ठेवायला मला कष्ट पडले. माऊस घेऊन 'चेंज' ब्लॉक ओढायला तीन सेकंद लागले असते. तिला शोधायला सहा मिनिटं लागली. पण नंतर शेजारच्या दोन जोड्यांना तो फरक तिनेच समजावला, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत : "सेट म्हणजे पुसून लिहायचं. चेंज म्हणजे आहे त्यात मिळवायचं."

ज्यांना तरी कळत नाही त्यांच्यासाठी काड्यापेटी आणि चिठ्ठ्या घ्या. काड्यापेटीवर 'काउंट' लिहा. 'सेट' आला की आतली चिठ्ठी फेकून नवी टाकायची. 'चेंज' आला की आतली चिठ्ठी वाचायची, त्यात मिळवायचं, येणारा आकडा नव्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवायचा. दोन-तीन वेळा हाताने केलं की बसतं.

लवकर संपवणाऱ्यांना एवढंच सांगा : ए आणि बी एकत्र दाबल्यावर मोजणी शून्यावर आली पाहिजे.

मूल अडलं की काय करायचं

माऊस हातात घ्यायचा नाही. बोर्डही घ्यायचा नाही. तुम्ही एकदा दुरुस्त करून दिलंत की मुलांना कळतं की हात वर केला की काम होतं, आणि उरलेलं वर्ष तुम्ही तीस दुरुस्त्या करत फिरता.

विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. काय व्हायला हवं होतं? काय झालं? शेवटचं चाललं तेव्हा काय होतं, आणि त्यानंतर काय बदललंस? तिसऱ्या प्रश्नात बहुतेक उत्तरं सापडतात. प्रोग्रामच्या आत काय चाललंय ते दिसत नसेल तर मध्येच एक 'शो नंबर' बसवायला शिकवा, व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय आहे ते एलईडीवर दिसतं.

काही अडचणी मात्र मुलांच्या शोधण्याच्या पलीकडच्या असतात, त्या तुम्हाला ओळखता यायला हव्यात. रिसेटचं बटण दाबून धरत केबल जोडली तर 'मायक्रोबिट' ऐवजी 'मेन्टेनन्स' नावाची ड्राइव्ह दिसते आणि प्रोग्राम जात नाही. केबल काढून, बटणाला हात न लावता पुन्हा जोडा. ड्राइव्हवर 'फेल' नावाची मजकुराची फाइल आली तर फाइल नीट पोचलेली नाही, पुन्हा टाका. एलईडीवर उदास चेहरा आणि पाठोपाठ एक क्रमांक सरकत गेला तर प्रोग्राम चालता चालता अडलाय. आणि सिम्युलेटरमध्ये चालतंय पण बोर्डावर नाही, असं असेल तर दहातल्या निम्म्या वेळा मुलांनी बदल केल्यावर नवी फाइल टाकलेलीच नसते. हे मात्र सांगून टाकू नका, "बोर्डात आत्ता कुठला प्रोग्राम आहे?" एवढं विचारा.

सेन्सर : पायमोज्यातला बोर्ड

तिसऱ्या तासाला बोर्ड संगणकापासून पूर्ण सुटा करा. मोजणी यंत्रात एकच बदल : 'ऑन बटन ए प्रेस्ड' ऐवजी 'ऑन शेक' (बोर्ड हलवला की). सेलचा डबा जोडा, बोर्ड पायमोज्यात खोचा आणि २० पावलं चाला. पावलं जोडीदाराने तोंडाने मोजायची.

आकडे जुळत नाहीत. तासाचा खरा भाग इथे सुरू होतो. कुणाचा बोर्ड ८ सांगतो, कुणाचा १०, आपटत चालणाऱ्या एखाद्याचा २३. सगळे आकडे फळ्यावर लिहा आणि कारणं मुलांना शोधू द्या. हळू टाकलेलं पाऊल 'शेक' म्हणून नोंदलंच जात नाही, हे लवकर सापडतं. पण पुष्कळांचे आकडे दहाच्या आसपास का येतात? माझ्या एका वर्गात त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी एक मुलगा उठून अगदी सावकाश चालला आणि स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "बोर्ड एकाच पायात आहे." दुसऱ्या पायाची पावलं तो मोजणारच कशी? मग मुलांनी 'चेंज काउंट बाय २' केलं आणि सगळे पुन्हा चालायला लागले.

यंत्राच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, तो ताडून बघायचा, हे तापमानाच्या सेन्सरवरही दाखवता येतं. हा सेन्सर बोर्डाच्या मुख्य चिपच्या आत असतो, त्यामुळे खोलीपेक्षा थोडं जास्त तापमान दाखवू शकतो. खोलीतला थर्मामीटर शेजारी ठेवा, फरक किती येतो ते मुलांनी लिहायचं आणि तेवढा वजा करणारा ब्लॉक बसवायचा.

वायर आल्यावर

चार तास झाले की मगरचिमटे, म्हणजे क्रोकोडाइल क्लिप, बाहेर काढा. बोर्डाच्या खालच्या कडेला मोठी पाच भोकं असतात, त्यांना पिन म्हणतात : ०, १, २, तीन व्होल्ट आणि ग्राउंड (वीज परत येण्याची जागा). चिमटे तिथे लागतात. नियम थोडे आहेत, पण त्यात सूट नाही. तीन व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना थेट जोडायचे नाहीत. सुटी एलईडी लावायची तर २२० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर (वीज मर्यादेत ठेवणारा भाग) मध्ये हवा, आणि तिचा लांब पाय पिनच्या बाजूला. भिंतीतल्या विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. आवरून ठेवताना सेल काढून ठेवायचे.

पहिला प्रयोग म्हणून कुंडीतला ओलावा घ्या. दोन लोखंडी खिळे मातीत थोड्या अंतरावर खोचा. एक खिळा पिन १ ला, दुसरा पिन ० ला. प्रोग्राममध्ये पिन १ ला 'डिजिटल राइट १' देऊन वीज सोडायची, पिन ० वर 'ॲनालॉग रीड' करून किती वीज आली ते वाचायचं, मग पिन १ पुन्हा ० करायची. वाचलेला आकडा ० ते १०२३ मध्ये येतो. ओल्या मातीतून वीज सहज जाते म्हणून आकडा मोठा, कोरड्या मातीत लहान. वीज फक्त मोजण्यापुरतीच का सोडायची, हे मुलं विचारतीलच. सतत सोडली तर ओल्या मातीत खिळा झिजत आणि गंजत जातो. एक कुंडी तशीच चालू ठेवून आठवड्याने खिळे उपटून शेजारी ठेवा, पुढे समजवावं लागत नाही.

'कोरडी' कशाला म्हणायचं हा आकडा तुम्ही देऊ नका. प्रत्येक जोडीने आपल्या कुंडीतल्या कोरड्या मातीचा आकडा लिहायचा, पाणी घालून पुन्हा लिहायचा आणि मधला एखादा आकडा निवडायचा. त्याच्या खाली गेलं की उदास चेहरा. शेजारच्या जोडीचा आकडा वेगळा निघतो, कारण मातीही वेगळी आणि खिळ्यांमधलं अंतरही वेगळं. 'जर-तर' ची अट इथे पुस्तकातली राहत नाही, ती स्वतः मोजून ठरवलेली असते.

वायरीच्या तासांना वेळ दुप्पट धरा. ४० मिनिटांच्या तासात बोर्ड वाटणं आणि गोळा करणं धरून हातात २५ मिनिटं राहतात आणि जोडणीतच त्यातली बरीच जातात. जोडून दोन तास मिळत असतील तर ते मागून घ्या.

रेडिओ, आणि मदतीची रांग

दोन बोर्ड एकमेकांशी रेडिओने बोलू शकतात, अट एकच, दोघांचा ग्रुप क्रमांक सारखा हवा. तो ० ते २५५ असतो. जोडीचा क्रमांक हाच ग्रुप ठेवा, नाहीतर एकाचा निरोप पाचांकडे जातो. तसं एकदा मुद्दाम होऊ द्या, ग्रुप कशासाठी असतो ते लगेच कळतं.

माझ्या वर्गात रेडिओचा सगळ्यात जास्त उपयोग असा झाला. एक बोर्ड मी गळ्यात अडकवते, त्याचा ग्रुप ठरलेला. प्रत्येक जोडीकडे एक लहान प्रोग्राम असतो : बी दाबलं की आपला क्रमांक त्या ग्रुपवर पाठवायचा. अडलं की हात वर करून ताटकळायचं नाही. क्रमांक पाठवायचा आणि मी पोचेपर्यंत स्वतः शोधत राहायचं. मी पोचते तेव्हा बऱ्याच जोड्या "झालं आमचं" म्हणतात. हा प्रोग्राम मुलांकडूनच लिहून घ्या, त्यांना तो हवा असतो.

काय तपासायचं

चालणारा प्रोग्राम बघून गुण देऊ नका, तो शेजारून उतरवताही येतो. मुलाजवळ जा, एका ब्लॉकवर बोट ठेवा आणि विचारा, "हा काढला तर काय होईल?" त्याने आधी सांगायचं, मग काढून बघायचं. अंदाज चुकला तरी चालेल. चुकल्यावर ते मूल काय करतं ते बघा आणि तेच वहीत नोंदवा.

शेवटची सात मिनिटं आवरायला ठेवा. बोर्ड क्रमांकाने डब्यात, केबल गुंडाळून, ढिल्या झालेल्या केबलवर लाल चिकटपट्टी लावून ती वेगळ्या खोक्यात. आणि प्रत्येक जोडीच्या वहीत दोन ओळी : आज काय चाललं नाही, आणि पुढच्या वेळी आधी काय बदलून बघणार. पुढचा तास त्या दुसऱ्या ओळीपासून सुरू करा.